कोर्टात कधीच न आलेल्या सुताराची साक्ष: हडसन प्रकरण, 1610 ते 1618

जानेवारी 1612 मध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात, म्हणजे समुद्रावरचे तंटे आणि गुन्हे पाहणाऱ्या कोर्टात, एडवर्ड विल्सन नावाच्या जहाजावरच्या वैद्याची जबानी उतरवून घेतली गेली. ‘डिस्कव्हरी’ जहाजाच्या खलाशांनी आपला कप्तान हेन्री हडसन याला आणखी आठ जणांसह एका होडीत घालून उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ उपसागरात सोडून दिलं होतं. त्यानंतर जहाज घेऊन जिवंत परतलेल्या आठ जणांपैकी विल्सन एक. त्याच्या जबानीत जहाजावरच्या सुताराबद्दल एक वाक्य आहे. फिलिप स्टॅफ जहाजावर राहू शकला असता, पण कप्तानावरच्या जिव्हाळ्यापोटी तो स्वतःहून होडीत उतरला. अट एवढीच घातली की त्याचे कपडे त्याला मिळावेत, आणि ते त्याला दिले गेले.

हे वाक्य ऐकायला फार चांगलं वाटतं. एका इमानी माणसाची आठवण, आणि ती सांगणाराही बऱ्या मनाचा. पण विल्सनवर खुनाचा आळ येऊ शकत होता, आणि ‘स्वतःहून उतरला’ या शब्दांचा त्याला कोर्टात उपयोग होता. स्टॅफ स्वतः काही सांगायला कधीच परतला नाही. त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचतं ते मागे राहिलेल्यांच्या तोंडून. अपवाद एकच: जहाजावर, सर्वांसमक्ष, बायबलवर हात ठेवून त्याने दिलेली एक साक्ष. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वजनदार पुरावा तोच आहे, आणि आरोपींचा मुख्य बचाव त्यापुढे टिकत नाही.

जहाज आणि माणसं

डिस्कव्हरी हे 55 टनांचं लहान जहाज. ते 17 एप्रिल 1610 रोजी लंडनहून निघालं. पैसा घालणाऱ्यांत सर टॉमस स्माइथ, सर डडली डिग्ज आणि जॉन वुल्स्टनहोम होते. यांतला स्माइथ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. अमेरिकेच्या उत्तरेकडून आशियाला जाणारी सागरी वाट शोधायची, हा बेत. जहाजावर हडसन धरून 23 माणसं होती, त्यांत त्याचा मुलगा जॉनही होता.

त्या काळात लांबच्या सफरीवरचा सुतार म्हणजे कोणीही सोम्यागोम्या खलाशी नसे. जहाजाच्या पोटात किती पाणी शिरलं ते मोजून सांगायचं, पंप चालते ठेवायचे, फळ्यांच्या सांधीत दोराचा काथ्या ठासून त्यावर डांबर ओतायचं, तडकलेली डोलकाठी सांधायची, ही सगळी त्याची कामं. बर्फाने एक फळी फोडली आणि सुतार जागेवर नसला तर कप्तानाचे नकाशे कोणाच्या कामाचे? जहाजाची खरी अवस्था त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसायची. हे ध्यानात ठेवलं म्हणजे बंडखोर स्टॅफला ठेवून घ्यायला का तयार होते ते कळतं.

स्टॅफ हडसनबरोबर याआधी 1608 च्या सफरीतही सुतार म्हणून गेला होता. त्याच सफरीत रॉबर्ट जूएट हा मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, होता आणि आर्नल्ड लडलोही होता. म्हणजे 1610 मध्ये हे तिघे एकमेकांना चांगले ओळखत होते. जूएट वयाने मोठा, अनुभवी आणि कुरकुऱ्या स्वभावाचा. या सफरीतही मेटचं काम त्याच्याकडेच होतं.

10 सप्टेंबर 1610: शपथेवरची साक्ष

ऑगस्टच्या सुरुवातीला जहाज त्या प्रचंड उपसागरात शिरलं, ज्याला आज हडसनचं नाव आहे. हडसनची स्वतःची रोजनिशी 3 ऑगस्टलाच थांबते. पुढची पानं हाती लागलेली नाहीत, आणि जहाज परत आणणाऱ्यांच्या ताब्यात त्याचे सगळे कागद होते हे विसरून चालत नाही. दक्षिणेच्या टोकाला आताच्या जेम्स उपसागरात जहाज मागेपुढे फिरत राहिलं, वाट काही सापडेना. कुजबुज वाढली.

10 सप्टेंबरला दुपारच्या जेवणानंतर कप्तानाने सगळ्यांना गोळा केलं. गंमत म्हणजे ही मागणी जूएटचीच होती. आपल्यावर खोटेनाटे आळ घेतले जातात, त्यांचा निवाडा करा, असं त्याचं म्हणणं. निवाडा झाला, पण त्याच्यावरच उलटला. टॉमस वुडहाउस या गणिताच्या अभ्यासकाने त्या दिवशीची हकिकत लिहून ठेवली. तो कागद पुढे त्याच्या मेजाच्या खणात सापडला. बेनेट मॅथ्यूने सांगितलं की आइसलँड दृष्टीस पडलं त्याच वेळी जूएट म्हणाला होता, या कामात माणसं मरतील, काहींचं रक्त सांडेल. आइसलँडहून निघताना त्याने जहाज परत फिरवण्याची धमकी दिली होती. बर्फात अडकल्यावर त्याने घाबरटांची मनं आणखी खचवली होती. आणि सुतार फिलिप स्टॅफ व आर्नल्ड लडलो या दोघांनी कप्तानासमोर बायबलवर शपथ घेऊन सांगितलं: जूएटने आम्हाला पटवलं होतं की बंदुका भरून ठेवा, तलवारी खोलीत हाताशी ठेवा, सफर संपायच्या आत त्यांची गरज पडणार आहे.

त्या सबंध टिपणात बायबलवर शपथ घेतल्याचा उल्लेख याच दोघांच्या बाबतीत येतो. 1608 पासून जूएटला ओळखणारी ही दोन माणसं होती. जूएटला मेटच्या जागेवरून काढलं, तिथे रॉबर्ट बायलटला नेमलं. सारंग फ्रान्सिस क्लेमन्सचीही जागा गेली. पुढे नीट वागलात तर झालं-गेलं विसरेन, असं हडसन म्हणाला.

आता पुढचं पाहा. जून 1611 मध्ये होडीत घातलेल्या नऊ जणांत स्टॅफ आहे, लडलो आहे आणि टिपण लिहिणारा वुडहाउसही आहे. शपथ घेणारे दोन्ही साक्षीदार आणि नोंद करणारा, तिघेही गेले. जहाजावर राहिला तो जूएट.

घर बांधणं हे माझं काम नाही

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जहाज किनाऱ्याला लावलं आणि 10 तारखेला ते बर्फात गोठलं. हिवाळा काढायची जागा शोधायला कप्तानाने दोघांना पाठवलं होतं: सुताराला आणि अबॅकक प्रिकेटला. प्रिकेट हा डिग्जच्या पदरचा माणूस. बंडाची तपशीलवार हकिकत पुढे त्यानेच लिहिली, म्हणून त्याच्या शब्दांना महत्त्व आहे आणि म्हणूनच ते जपून वाचावे लागतात.

नोव्हेंबरच्या मध्याला तोफची जॉन विल्यम्स वारला. मेलेल्या माणसाच्या वस्तू मुख्य डोलकाठीपाशी आणून लिलावात विकायच्या, असा रिवाज. हडसनने विल्यम्सचा राखाडी झगा परस्पर हेन्री ग्रीन या आपल्या लाडक्या तरुणाला देऊ केला. मग त्याने सुताराला किनाऱ्यावर घर बांधायला सांगितलं. सुरुवातीला, जमीन मोकळी होती तेव्हा, हीच सूचना हडसनने स्वतः कानाआड केली होती. स्टॅफ म्हणाला, आता हिमात नि गारठ्यात हे काम होणार नाही, मी हात घालणार नाही. हडसनने त्याला खोलीतून ओढून काढलं, अंगावर धावून गेला, शिव्या दिल्या, फाशी देईन म्हणाला. सुताराचं उत्तर प्रिकेटने नोंदवलं आहे: माझं काम काय ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि मी घरं बांधणारा सुतार नाही.

घर शेवटी बांधलं गेलंच, पुष्कळ कष्टाने, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी स्टॅफ बंदूक घेऊन शिकारीला निघाला. एकट्याने जायचं नाही असा नियम, म्हणून ग्रीन त्याच्यासोबत गेला. हे पाहून हडसन इतका चिडला की तो झगा त्याने ग्रीनकडून काढून बायलटला दिला. हिशेब एवढाच की कप्तानाशी उघड भांडलेला हा माणूस बंडाच्या दिवशी कप्तानाच्या बाजूला उभा राहतो. त्याची निष्ठा आंधळी नव्हती. चुकीचा हुकूम मिळाला तेव्हा त्याने तोंडावर नकार दिला होता. नकार देणं आणि जहाज बळकावणं यांतला फरक त्याला पक्का ठाऊक होता.

बंडाची सकाळ

जून 1611. बर्फ फुटलं, जहाज सुटलं, पण अन्न संपत आलं. मागे उरलेली भाकरी कप्तानाने स्वतःच्या हाताने वाटली होती. रात्री ग्रीन आणि नवा सारंग विल्यम विल्सन (वैद्य विल्सन वेगळा) प्रिकेटच्या खोलीत आले. चौदा दिवसांचंही अन्न नाही, कप्तान आणि आजारी माणसं होडीत घालायची, इथे उपाशी मरण्यापेक्षा घरी फासावर गेलेलं बरं, असं त्यांचं बोलणं. प्रिकेट म्हणतो, मी त्यांना परोपरीने समजावलं, शेवटी बायबलवर शपथ घ्यायला लावली की कोणाला इजा करणार नाही. बंडाआधी घेतलेली ही अहिंसेची शपथ मला पटत नाही. ती कोर्टासाठी मागाहून रचल्यासारखी वाटते, कारण तिच्यात प्रिकेटला सोयीचं तेवढंच आहे.

सकाळी हडसन खोलीतून बाहेर येताच त्याचे हात मागे बांधले. आजाऱ्यांना बिछान्यातून उठवून होडीत घातलं. सुतार मोकळाच होता. त्याने बंडखोरांना विचारलं, घरी गेल्यावर फासावर चढायचंय का? जबरदस्ती केलीत तरच मी या जहाजावर राहीन. ते म्हणाले, मग जा. तो म्हणाला, जातो, पण माझी पेटी आणि तिच्यातलं सगळं मला पाहिजे.

निघण्यापूर्वी तो प्रिकेटकडे निरोप घ्यायला आला. प्रिकेटने थांबायचा आग्रह केला. स्टॅफला वाटत होतं की बंडखोर आपल्याला परत घेतील, कारण हे जहाज घरी नेऊ शकेल असा माणूस वर कोणी नाही, असं कप्तानाने त्याला सांगितलं होतं. तुम्ही आमच्याआधी सामुद्रधुनीच्या तोंडाच्या भूशिरांपाशी पोहोचलात तर पक्षी घरटी करतात तिथे काही खूण ठेवा, आम्ही आधी पोहोचलो तर आम्ही ठेवू, असं त्याने सांगितलं. दोघांचे डोळे भरून आले, असं प्रिकेट लिहितो.

होडीत एक बंदूक, दारूगोळा, काही भाले, एक लोखंडी भांडं आणि थोडं पीठ होतं. बर्फातून बाहेर पडेपर्यंत होडी मागे बांधून ओढली, मग दोर तोडला. त्यानंतर जहाजाची झडती घेतली. प्रिकेटच्याच यादीप्रमाणे पीठ, लोणी, डुकराच्या मांसाचे 27 तुकडे, वाटाणे, आणि कप्तानाच्या खोलीत 200 बिस्किटं निघाली. मागून ती होडी शीड लावून पुन्हा दिसली तेव्हा बंडखोरांनी सगळी शिडं सोडली आणि शत्रूपासून पळावं तसे पळाले.

पेटी की कपडे

इथे दोन जबान्यांत तफावत आहे. प्रिकेट म्हणतो पेटी आणि तिच्यातलं सगळं. वैद्य विल्सन म्हणतो कपडे. एखादा वकील हा फरक किरकोळ म्हणून सोडून देईल. मला तो महत्त्वाचा वाटतो. सुताराची पेटी म्हणजे करवत, वाकस, पटाशी, गिरमिट, कुऱ्हाड. कपडे मागणारा माणूस थंडीचा विचार करतो. हत्यारं मागणारा माणूस होडी दुरुस्त करण्याचा, लाकूड तोडण्याचा, दुसरा हिवाळा काढण्याचा विचार करतो. पेटी मागणाऱ्या स्टॅफला मरायचं नव्हतं. आणि हे खरं असेल तर ‘जिव्हाळ्यापोटी गेला’ हे वैद्याचं वर्णन अपुरं पडतं. तो नऊ माणसांना जगवायला गेला होता.

1632 मध्ये कप्तान टॉमस जेम्सला याच उपसागरातल्या डॅनबी बेटावर जमिनीत ठोकलेले दोन खुंट सापडले. त्यांची टोकं कुऱ्हाडीने किंवा तसल्याच चांगल्या लोखंडी हत्याराने तासलेली होती. ते कशासाठी ठोकले असतील याचा उलगडा त्याला झाला नाही. काही अभ्यासक त्यांचा संबंध हडसनच्या होडीशी लावतात. पुरावा म्हणून हे तोकडं आहे, पण सुताराची पेटी होडीत गेली होती हे धरून पाहिलं तर अशक्यही नाही.

परतीनंतर: ट्रिनिटी हाउस

जहाज घरी आणलं बायलटने. वाटेत डिग्ज बेटांपाशी स्थानिक इनुइट लोकांशी झालेल्या चकमकीत ग्रीन, सारंग विल्सन आणि आणखी दोघे गेले. जूएट आयर्लंड जवळ आल्यावर उपासमारीने मेला. पक्ष्यांची हाडं मेणबत्तीच्या चरबीत तळून, वर व्हिनेगर घालून उरलेले लोक जगले. आठ जण पोहोचले, आणि बंडाचे सगळे म्होरके वाटेतच मेलेले. यापेक्षा सोयीची यादी आरोपींना मिळाली नसती.

24 ऑक्टोबर 1611 रोजी ट्रिनिटी हाउस या जहाजचालकांच्या संस्थेने त्यांची चौकशी केली. सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली: कप्तानाने आपल्या खोलीतून खाली कोठारात उतरणारी एक चोरझडप करून घेतली होती, तिच्यातून अन्न काढून तो आपल्या मर्जीतल्यांना देई, बाकीच्यांना नेमून दिलेला शिधाच मिळे. मर्जीतल्यांत वैद्याचंही नाव आलं. ट्रिनिटी हाउसचे जाणते लोक ऐकून घेऊन म्हणाले, ही माणसं फाशीलाच लायक आहेत.

या झडपेवर मी बराच विचार केला आहे. डेकच्या फळ्या कापून झडप बसवणं हे सुताराचं काम. ती होती का, कधी केली, कोणाच्या सांगण्यावरून, हे नेमकं सांगू शकणारा माणूस जहाजावर एकच होता, आणि त्याला होडीत जाऊ दिलं होतं. आठ जणांनी एकमुखाने केलेला आरोप तपासायला सगळ्यात जाणता साक्षीदार उरलाच नाही.

न्यायालय आणि निकाल

ॲडमिरल्टी न्यायालयाची एरवीची पद्धत रोमन कायद्यावर बेतलेली. आधी लेखी प्रश्नांची यादी तयार व्हायची, साक्षीदाराला ते एकेक विचारले जायचे, आणि कारकून उत्तरं तृतीयपुरुषी लिहायचा: हा साक्षीदार असं म्हणतो, याला याहून अधिक ठाऊक नाही. त्यामुळे या जबान्या वाचताना माणसाचा आवाज कारकुनाच्या लेखणीतून गाळून येतो. तारखाही जपून वाचाव्या लागतात, कारण त्या वेळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. वैद्याच्या जबानीवर म्हणूनच 1611 असं साल दिसतं.

फौजदारी गुन्ह्यांसाठी मात्र 1536 च्या कायद्याने पद्धत बदलली होती. रोमन कायद्यात देहदंडासाठी कबुली किंवा प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार लागत, आणि समुद्रावरचे गुन्हेगार साक्षीदारच शिल्लक ठेवत नसत. म्हणून असे खटले खास नेमलेल्या आयोगापुढे, ज्यूरीसमोर, जमिनीवरच्या कायद्याप्रमाणे चालवायचे ठरलं. कायदा करणाऱ्यांना नेमकी अशीच प्रकरणं डोळ्यांसमोर दिसत असणार.

तरीही वर्षं गेली. मधल्या काळात बायलट आणि प्रिकेट 1612 मध्ये टॉमस बटनच्या सफरीवर पुन्हा त्याच उपसागरात गेले. गुंतवणूकदारांना आशियाची वाट सापडल्यासारखी वाटत होती आणि ती दाखवू शकणारी माणसं हीच होती. त्यांना फासावर चढवण्याची घाई कोणाला असणार? प्रिकेटची ॲडमिरल्टीतली जबानी फेब्रुवारी 1617 मध्ये झाली. कोणावर गोळी झाडली गेली, हे त्याने नाकारलं.

1618 मध्ये प्रिकेट, वैद्य विल्सन, बेनेट मॅथ्यू आणि फ्रान्सिस क्लेमन्स या चौघांवर खटला उभा राहिला. आरोप बंडाचा नव्हता, खुनाचा होता: अन्न, पाणी, कपडे, विस्तव यांवाचून होडीत सोडल्यामुळे हडसन आणि इतर मेले. ज्यूरीने चौघांना निर्दोष ठरवलं.

निकाल कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखा आहे. एकही प्रेत नव्हतं. बंडखोरांचे म्होरके मेले होते. होडीत बंदूक आणि पीठ दिल्याचं सांगितलं जात होतं. आणि एक धडधाकट, कामाचा माणूस स्वतःच्या पायांनी त्या होडीत उतरला होता. जिथे स्वखुशीने माणूस जातो ती जागा मरणाचीच होती असं कसं म्हणायचं? स्टॅफच्या जाण्याने बचाव पक्षाला हा मुद्दा आयता मिळाला.

पण बचावाचा गाभा होता भूक. अन्न नव्हतं, कप्तान ते लपवून आपल्या माणसांना देत होता, म्हणून असं घडलं. इथे 10 सप्टेंबर 1610 ची साक्ष समोर ठेवा. प्रिकेटच म्हणतो की जहाजावर सहा महिन्यांचा चांगला शिधा भरला होता. वुडहाउसच्या टिपणात बंदुकांची गोष्ट आइसलँड सोडणं आणि बर्फात अडकणं या दोहोंच्या मध्ये येते, म्हणजे सफरीचे पहिले तीन-एक महिने. त्या वेळी कोणी उपाशी नव्हतं, चोरझडपेची तक्रार नव्हती, झग्याचं भांडण नव्हतं. तरीही जूएट माणसांना बंदुका भरून ठेवायला सांगत होता. स्टॅफने आणि लडलोने हे सांगितलं तेव्हा पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, कोणाचा गळा वाचवायचा नव्हता, आणि ज्याच्याविरुद्ध बोलत होते तो समोर उभा होता. साक्षीची किंमत ठरवायच्या सगळ्या कसोट्यांवर ती परतलेल्यांच्या प्रत्येक जबानीहून सरस ठरते.

जूएटबद्दलचा कागद परतलेल्यांनी नष्ट का केला नाही, हाही प्रश्न आहे. मला दिसणारं उत्तर असं की तो दोष मेलेल्या जूएटवर टाकतो, म्हणून त्यांनी तो जपला. त्याच कागदात क्लेमन्सची गेलेली जागा नोंदलेली आहे, म्हणजे आरोपींपैकी एकाचा कप्तानावर राग असायला कारण होतं. मॅथ्यूने तर त्या दिवशी जूएटविरुद्ध तोंड उघडलं होतं. रक्त सांडणार हे त्याला पहिल्यापासून ऐकून ठाऊक होतं, आणि तरी प्रिकेटच्या हकिकतीप्रमाणे हडसनला धरणाऱ्यांत तोच होता. ज्यूरीपुढे त्याला उलटतपासणीत विचारायला हवा होता तो प्रश्न हाच: ज्या तिघांनी शपथेवर जूएटचं बिंग फोडलं आणि लिहून ठेवलं, ते तिघेही होडीत कसे गेले, आणि तू जहाजावर कसा राहिलास?